शेताचा पत्ता : अक्षांश आणि रेखांश
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावोगाव येणारे कृषिदूत आपण पाहिले असतील. मातीचा नमुना घेताना शेताचे अक्षांश-रेखांश कसे नोंदवावेत, हे मी त्यांना शिकवतो. तेच आज आपल्याला सांगणार आहे.

‘ओढ्याकाठचे वावर’ हा पत्ता गावात चालतो, प्रयोगशाळेत चालत नाही. अक्षांशावरून विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला आपण किती अंशांवर आहोत ते कळते, तर रेखांशावरून ग्रीनिचच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला किती ते कळते. पुणे सुमारे १८ अंश ३१ मिनिटे उत्तर व ७३ अंश ५१ मिनिटे पूर्व येथे आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर आणि एक सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर.

विद्यार्थी नेमके कोठे चुकतात? एकाने १८ अंश ३१ मिनिटे ३० सेकंद हे १८.३१३० असे लिहिले. शेत नकाशावर सुमारे २३ किलोमीटर दक्षिणेला गेले! पिशवीवर शेतकऱ्याचे नाव व गट नंबर होता, म्हणून चूक सापडली. नाही तर एकाच्या जमिनीची खतमात्रा दुसऱ्याच्या पिकाला गेली असती. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून बेरीज अंशांत मिळवावी. येथे बरोबर उत्तर १८.५२५० येते. दुसऱ्याने अक्षांश व रेखांश यांची अदलाबदल केली, तर पुण्याचे शेत नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात गेले. म्हणून अक्षांश नेहमी आधी लिहावा.

आपण पुढीलप्रमाणे करावे :

१. शेताच्या मध्यभागी, मोकळ्या आकाशाखाली उभे राहावे. दाट झाडाखाली आकडे चुकू शकतात.
२. मोबाईलमध्ये स्थान सुरू करून आकडे स्थिरावेपर्यंत थांबावे.
३. दशांश चिन्हापुढील किमान चार अंक लिहावेत. चौथ्या अंकातील एकाचा फरक म्हणजे सुमारे ११ मीटर, तर तिसऱ्यातील एकाचा फरक म्हणजे सुमारे १११ मीटर. हेक्टरभर चौरस शेताची बाजूच १०० मीटर असते!

एक सावधगिरी मात्र बाळगावी. मोकळ्या जागेतही साध्या मोबाईलच्या आकड्यात सुमारे पाच मीटरची चूक राहू शकते आणि एका गुंठ्याची बाजू सुमारे दहा मीटर असते. तेव्हा मोबाईल दाखवून शेजाऱ्याशी बांधावरून भांडू नये. हद्दीसाठी भूमी अभिलेख विभागाची अधिकृत मोजणीच करून घ्यावी.

राज्यात २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-पीक पाहणीतही पिकाच्या फोटोबरोबर स्थान नोंदले जाते. म्हणून उद्याच शेतावर मुलाला किंवा मुलीला बरोबर न्या, आकडे तिच्याकडून वाचून घ्या आणि वहीत गट नंबराशेजारी लिहून ठेवा. पुढच्या माती परीक्षणाच्या वेळी ते नक्की उपयोगी पडतील.