शांततेचे मसुदे आणि तारापूरचे इंधन



इतिहासातील शांतता-प्रस्ताव आज कालबाह्य झाले आहेत, असा जो निर्वाळा सकाळच्या परिसंवादात टाळ्यांच्या गजरात देण्यात आला, तो मला मान्य नाही. आणि अध्यक्षाने सर्वांना गोंजारून खाली बसावे हा आपल्या संमेलनांचा शिरस्ता ठाऊक असूनही तो मोडण्याची मी आज परवानगी घेतो.

येथून, कुंभवलीहून, पश्चिमेस, समुद्रकाठी, तारापूरला अशाच एका प्रस्तावाचे मूर्त फळ उभे आहे. ८ डिसेंबर १९५३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे अशी तजवीज मांडली की, बलाढ्य राष्ट्रांनी आपल्या युरेनियमच्या साठ्यातील हिस्सा एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या स्वाधीन करावा आणि तिने तो शेती, वैद्यक व वीज यांच्या कामी लावावा. त्याच विचारातून १९५७ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था जन्मली. १९६३ साली भारत-अमेरिका करार झाला. १९६९ च्या ऑक्टोबरात तारापूरच्या दोन अणुभट्ट्या व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. अमेरिकेने तीस वर्षे समृद्ध युरेनियम पुरवावे आणि भारताने या भट्ट्यांत तेच जाळावे, अशी करारनाम्यातील बोली होती.

ती पाळली गेली काय? १९७४ साली पोखरणला भारताने अणुस्फोट केला. १९७८ साली अमेरिकी काँग्रेसने नवा कायदा करून जुन्या कबुलीवर नव्या अटी लादल्या. पुरवठा रखडला, आणि १९८२ साली फ्रान्सकडून इंधन घेण्याचे ठरवून वेळ निभावून न्यावी लागली. वापरलेले इंधन अमेरिकेने परतही नेले नाही आणि त्यावर पुनर्प्रक्रिया करण्यास संमतीही दिली नाही. आपलेही हात धुतल्या तांदळासारखे नव्हते, हे येथेच सांगितले पाहिजे: पोखरणचे प्लुटोनियम तारापूरचे नव्हे, तर तुर्भ्याच्या त्या भट्टीतले होते, जी कॅनडाने शांततामय उपयोगाच्या अटीवर दिली होती, आणि त्या अटीचा अर्थ आपण सोयीप्रमाणे लावला. देशाभिमानाच्या भरात हे विसरणाऱ्यांशी माझे भांडण आहे, तसेच सगळा दोष प्रस्तावावर ढकलणाऱ्यांशीही आहे.

दोष नेमका कोठे असतो, हे आपल्या वसईच्याच दोन तहांत पाहा. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी पराभूत पोर्तुगिजांशी जो तह केला, त्यात सैनिकांना हत्यारांसह आणि रहिवाशांना कुटुंबकबिला व चीजवस्तूंसह आठ दिवसांत निघून जाण्याची मुभा होती. जेत्याने आपलेच हात बांधून घेतले होते, मुदत नेमकी होती, आणि शब्द पाळला गेला. त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. मैत्री आणि संरक्षण यांची मोठी भाषा त्यात होती, परंतु तैनाती फौजेचा खर्च, मुलखाचे दान आणि परराष्ट्रव्यवहारावरील अंकुश यांचा सारा भार दुबळ्यावर पडला. वर्ष उलटण्याआधीच इंग्रजांचे शिंदे-भोसल्यांशी युद्ध पेटले.

जो प्रस्ताव बलवानाला बांधतो तो दोनशे वर्षांनीही खरा असतो. जो केवळ दुर्बलाला बांधतो तो सहीच्या दिवशीच खोटा असतो. आयझेनहॉवरचा प्रस्ताव पहिल्या जातीचा म्हणून जन्मला आणि दुसऱ्या जातीचा म्हणून राबवला गेला, कारण बलाढ्यांनी आपले साठे रिते केलेच नाहीत. कालबाह्यतेचा ठपका ठेवायचा तर त्या वर्तनावर ठेवा.

आणि अशा करारांचे पक्षकार तरी कोण? तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्ट्यांसाठी पोफरण व अक्करपट्टी येथील घरे हलली. ज्यांच्या अंगणावरून शांततेचा अणू गेला, त्यांची सही कोणत्याही दस्तऐवजावर नव्हती.

म्हणून विश्वशांतीविषयीचा जो ठराव माझ्या टेबलावर आला आहे, ज्यात मानवजातीच्या कल्याणाची कामना आहे पण कोणी, कधी आणि काय करावे याचे एकही कलम नाही, तो मी मतास टाकणार नाही. सूचकांनी विस्थापितांच्या पुनर्वसनाची मागणी आणि अण्वस्त्रधारी राष्ट्रांची, आपल्यासह, जबाबदारी स्पष्ट नमूद करून दुरुस्त मसुदा लेखी आणावा. उद्याच्या समारोपापूर्वी तो आला, तर पहिला हात माझा वर असेल.