ऊणोदरी आणि मधुमेहीचे ताट



मधुमेहीचे ताट वाढताना घरोघरी ‘हे चालते का?’ असे विचारले जाते. वास्तविक ‘किती?’ असे विचारावयास हवे. रत्नागिरीत भाताऐवजी नाचणीची भाकरी आली की पथ्य साधले, असा समज आढळतो. परंतु नाचणी हेही पिष्टमय धान्यच. तीन भाकऱ्यांनी साखर वाढल्यावाचून राहत नाही. निम्मे ताट भाज्यांचे, पाव भाग कुळथाचे पिठले वा मुगाची उसळ आणि उरलेल्या पावात भात किंवा भाकरी, ही वाटणी हितावह. हापूसही सर्वस्वी वर्ज्य नाही. मात्र दोन-तीन फोडी घ्यावयाच्या त्या भात तेवढा कमी करून. आमरस टाळावा.

भुकेपेक्षा चार घास कमी घेणे, हे ऊणोदरी तप मधुमेहीस उपकारकच आहे. उपवास व चौविहार यांची गोष्ट निराळी. इन्सुलिन अथवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या चालू असता पोट रिते राहिले, तर रक्तातील साखर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली जाते. घाम सुटतो, हात कापतात, शुद्धही हरपते. रुग्ण शुद्धीवर असतानाच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. तेथे व्रतभंगाची शंका बाळगू नये. पर्युषणापूर्वीच डॉक्टरांकडून औषधांची मात्रा व वेळा ठरवून घ्याव्यात. जीवदयेत स्वतःचा जीवही येतो.