जुने संगणक मोडीत काढण्यापूर्वी

विंडोज १० या प्रणालीचा नियमित सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तथापि शाळा-ग्रामपंचायतींनी चालते संगणक मोडीत काढण्याची घाई करू नये. लिनक्स मिंट ही विनामूल्य, मुक्त प्रणाली मूळ प्रणाली न हलविता पारखता येते. तिची प्रत ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर उतरवून संगणक त्यावरूनच सुरू करावा. ‘इन्स्टॉल’ केले नाही आणि आतील फायलींना हात लावला नाही, तर डिस्क जशीच्या तशी राहते. अशा वेळी ती थोडी संथ चालते; तेवढ्यावरून तिला नापसंत करणे अन्यायाचे होईल. खरी कसोटी छपाईयंत्र, डिजिटल स्वाक्षरी आणि युनिकोडपूर्व टंकांतील जुन्या मराठी दप्तराची. चाचणीत लिहिलेला मजकूर मात्र संगणक बंद होताच नाहीसा होतो; तो दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावा.