गाठ दाखवायची कुणाला?



आपल्या वर्गातली एक जण आज इथे नाही. तळेऱ्याच्या तिठ्यावर एसटीची वाट बघताना ती मला म्हणाली होती, "गाठ आसा, पण दुखत नाय. मगे दाखवू कित्याक?" मी नर्स, तरी नुसतं "दाखव गो" म्हणून गाडीत चढले. न दुखणारी गाठच आधी दाखवायची असते, एवढंही बोलले नाही.

टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. निम्म्याजणींचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासले. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात तसा फरक दिसला नाही, हेही सांगते; पण आपण सगळ्या पन्नाशी ओलांडलेल्या!

डॉ. राजेंद्र बडवे यांच्या अभ्यासात ऑपरेशनच्या जरा आधी गाठीभोवती साधं भुलीचं इंजेक्शन दिलं. पाच वर्षांनी हयात असलेल्या बायकांचं प्रमाण ८६ वरून ९० टक्क्यांवर गेलं. मात्र त्या सगळ्या लवकर आलेल्या होत्या.

जेवणानंतर आठवीच्या वर्गात मी बसते. दार लावून घेऊ. बाई, तुम्हीसुद्धा या.