ढग घोळक्यानं का येतात?

मंडळी, पेरणीच्या तोंडावर दुपारी वर पाहिलं, की पिंजलेल्या कापसाचे ढीग दिसतात. एकटा ढग क्वचितच. इथं पाच-सात, मग मोकळं निळं आभाळ, पलीकडं पुन्हा घोळका. असं का होतं?

याचं मूळ वर नाही, खाली जमिनीत आहे. ऊन सगळीकडं सारखं पडतं, पण जमीन सारखी तापत नाही. नांगरून ठेवलेलं काळं रान तापतं, मुरमाड माळ तापतो. विष्णुपुरीचं पाणी किंवा भिजवलेला ऊस तेवढा तापत नाही. तापलेल्या रानावरची हवा हलकी होऊन वर चढते. चुलीवरच्या भांड्यात तळाचं पाणी वर उसळतं ना, तशीच.

वर गेली की हवा पसरते आणि गार होते. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडून बघा, बोटाला गार लागते. एक किलोमीटर चढली, की ती सुमारे १० अंशांनी थंड होते. मग तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब होतात. तोच ढग.

पहिला ढग बऱ्याचदा कोरड्या हवेत विरून जातो. पण जाताना तिथली हवा ओलसर करतो. त्यामुळं मागून येणारा ढग तग धरतो. थोरल्या भावानं वाट करून द्यावी, तसं. इकडं हवा वर गेली, की आजूबाजूची हवा खाली उतरते. उतरताना ती तापते, तिथं ढग टिकत नाही. मधलं निळं आभाळ ते हेच. एखादा ढग वाढून बरसला, तर पावसाबरोबर गार वारा खाली येतो. तो जमिनीवर पसरतो आणि पुढची गरम हवा वर ढकलतो. तिथं नवा ढग उठतो. म्हणून तर एका शिवारात पाऊस आणि शेजारच्या शिवारात फुफाटा!

आता पोटापाण्याचं. असे ढग पाहून, एका सरीवर काहीजण तिफण जुंपतात. मग पंधरा दिवस उघडीप पडते. कोंब करपतात. सोयाबीनच्या बियाण्याला पुन्हा उसनवारी. अहो, नुसत्या उन्हानं उठलेले लहान ढग ऊन कलताच विरतात. त्यांच्या भरवशावर बी मातीत टाकू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा, असं परभणीचं कृषी विद्यापीठ सांगतं. किती पाऊस झाला ते तलाठ्याला किंवा कृषी सहायकाला विचारा. रान उकरून ओल किती खोल गेली, तेही बघा.

आणि ढग उंच वाढून काळा झाला, गडगडू लागला, तर झाडाखाली थांबू नका. काम टाकून पक्क्या घरात या.