जागा नाही म्हणणाऱ्यांना

घटांगच्या घाटातल्या वळणांनी पोट ढवळूनही इथवर पोचलेल्या मायबाप रसिकहो,

संमेलन मेळघाटातल्या सेमाडोहला नको म्हणून कोणी कुठे किती फोन केले, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ‘जंगलात कविता ऐकायला कोण येणार, अस्वल?’ असं विचारणारे गृहस्थ आज आलेले नाहीत. अस्वलही आलेलं नाही. हिशेब मिटला.

अध्यक्षाला बोलायला एकदाच मिळतं. उद्या मी माजी होईन, आणि माजी अध्यक्षाचं ऐकायला घरचेही बसत नाहीत. म्हणून इतकी वर्षं जे गिळलं ते आज बाहेर काढतो. माझं भांडण वर्तमानपत्रांशी आहे. त्यांनी कविता आधी रविवारच्या पुरवणीत ढकलली, मग पुरवणीच्या कोपऱ्यात, मग तो कोपराही मोडीत काढला. विचारलं तर म्हणतात, जागा नाही.

जागा काय चीज असते ते 1897 सालाला विचारा. 15 जूनच्या ‘केसरी’त शिवराज्याभिषेक उत्सवाच्या हकिगतीबरोबर टोपणनावाने एक कविता आली. शिवाजी महाराज जागे होतात, देशाची दशा पाहतात आणि बोलतात, एवढीच कल्पना. बरोबर आठवड्यानं, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. गोळी झाडणारे चाफेकर सरकारला अजून सापडायचे होते, पण ‘केसरी’चा अंक सापडला. 27 जुलैला संपादक टिळकांना अटक झाली, सप्टेंबरात मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरीतले सहा युरोपीय म्हणाले दोषी, तिघे हिंदी म्हणाले निर्दोष. 18 महिने सक्तमजुरी.

राजेहो, विचार करा. भर कोर्टात एका कवितेचा कीस काढला गेला. इतकं बारीक वाचन आमच्या कुठल्या समीक्षकानं कुठल्या कवीचं केलंय?

त्याच डिसेंबरात काँग्रेस आपल्या अमरावतीला भरली. शंकरन नायर अध्यक्ष, दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष आणि टिळक तुरुंगात. संपादकाचे पुतळे गावोगाव उभे आहेत, ते असायलाच हवेत. पण ती कविता लिहिणाऱ्याचं नाव या मंडपात किती जणांना सांगता येईल? करा हात वर. बघा!

राणीच्या स्वतःच्या देशात काय चालायचं? थॉमस हूडची शिवणकाम करणाऱ्या गरीब बाईवरची कविता 1843 च्या नाताळात ‘पंच’नं छापली, तीही निनावी. टेनिसननं क्रिमियातल्या घोडदळाची बातमी ‘टाइम्स’मध्ये वाचली आणि त्यावरची कविता 9 डिसेंबर 1854 ला ‘एक्झामिनर’मध्ये आली. लीड्सचं ‘नॉर्दर्न स्टार’ तर मजुरांच्याच कविता छापायचं. बातमी आणि कविता एका पंगतीला बसत होत्या. आपल्याकडे जळगावात नारायण नरसिंह फडणीस 1887 पासून निव्वळ कवितेचं मासिक चालवत होते, ‘काव्यरत्नावली’. केशवसुत तिथे छापून आले. 1905 साली ते गेले तेव्हा त्यांच्या नावावर एकही संग्रह नव्हता. नियतकालिकांनी ‘जागा नाही’ म्हटलं असतं तर?

आणि व्हिक्टोरियाबाईंनी आपल्यावर व्हाइसरॉय म्हणून पाठवला कोण, तर लिटन. ओवेन मेरिडिथ या नावानं कविता छापणारा! त्या कवीनं मार्च 1878 मध्ये देशी भाषांतल्या पत्रांचं तोंड बांधणारा कायदा केला, इंग्रजी पत्रं मोकळी सोडली. त्याच्यानंतर आलेल्या रिपनच्या कारकिर्दीत कायदा गेला. पण स्वतः कवी असून दुसऱ्याची भाषा गप्प करणारी जमात लिटनबरोबर बोटीत बसून परत गेली, असं समजू नका. काहींना निवड समितीत जागा मिळाली. नावं घेत नाही, उगाच त्यांचा सत्कार व्हायचा.

माझंच सांगतो. एका दैनिकानं माझी सोळा ओळींची कविता बारा ओळींत छापली. उरलेल्या चार ओळींच्या जागी सबमर्सिबल पंपाची जाहिरात. कविता दुष्काळावर होती! जाब विचारायला गेलो तर म्हणाले, ‘सर, आशय पोचला ना?’ पंपाचा पोचला, साहेब. हे प्रकरण मी राजद्रोहाच्या खटल्याच्या खालचं मानत नाही. स्ट्रेचीनं निदान कविता अर्ध्यावर सोडली नाही. त्या चार ओळी आज म्हणणार होतो, पण सूत्रसंचालकांची चिठ्ठी आली आहे.

मी धारणी तालुक्यात मास्तर होतो. पेपर एस.टी.नं यायचा, यायचा त्या दिवशी. पण होळी झाली की कोरकू बाया रस्त्यात लाकूड आडवं टाकून गाड्या थांबवायच्या आणि गाणी म्हणत फगवा, म्हणजे होळीची बक्षिसी, मागायच्या. त्या गाण्यात सगळं यायचं: रेंजर, रेशनचं दुकान, न आलेली बस, मास्तराची नवी चप्पल. अग्रलेख म्हणतात तो हाच, तोही नाव घेऊन, माझ्यासारखा नावं गाळून नव्हे. मले तर त्या बायांचा धाक होता, साहेबाचा नव्हता.

पेपरात काय येतं? ‘मेळघाटात फगव्याची धूम’ आणि एक रंगीत फोटो. गाण्याचा शब्द एक नाही. कोरकू ही काही मराठीची बोली नव्हे, मुंडा कुळातली स्वतंत्र भाषा आहे. अमरावती-अकोल्याच्या दैनिकांनी आठवड्याला एक कोरकू गाणं देवनागरीत छापावं, खाली मराठी अर्थ द्यावा, म्हणणारीचं नाव द्यावं आणि मानधनही द्यावं. असा ठराव मी मांडला होता. तो अभ्यासासाठी ठेवून घेतला आहे. अभ्यास अजून चालू आहे म्हणे.

तेव्हा अध्यक्ष म्हणून माझा पहिला आणि शेवटचा अधिकार वापरतो. कविसंमेलन थोडं मागे ढकला, इथल्या बायांना आधी मंचावर बोलवा. पत्रकार मित्रांनी कागद-पेन घेऊन पुढे बसावं. जो गाणं उतरवून घेईल, त्यालाच फोटो काढता येईल.