फोटोमागे नावे लिहा

(ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



डॉक्टर बोलायला उभा राहिला की रक्तदाब आणि साखर निघणार, अशी धास्ती असते. आज त्यातून सुटका. आज मी घरातल्या जुन्या फोटोंविषयी बोलणार आहे. माझे गाव चिपळूण, म्हणून उदाहरणे तिथली. वाईकर, मालवणकरांनी आपापले गाव त्या जागी धरावे.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी गावात शिरले. २००५ च्या जुलैतही शिरले होते. १८६४ साली स्थापन झालेल्या आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला दोन्ही पुरांची झळ बसली. आमच्या घरी तळमजल्यावरच्या कपाटात आजोबांपासूनचे फोटो होते. तिसऱ्या दिवशी पुतण्याचा फोन लागला, तेव्हा तो चिखलाने माखलेले गठ्ठे उन्हाची वाट बघत ओटीवर ठेवून बसला होता. त्याला म्हटले, ऊन नको. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो पाण्याने फुगतो आणि दोन फोटो एकमेकांना लागून वाळले की डिंकासारखा धरतो. मग ते सोडवताना चेहरेच निघून येतात. ओले आहेत तोवर स्वच्छ गार पाण्यात ठेवून हलक्या हाताने सुटे करायचे आणि सावलीत, चित्र वर करून, कपड्यावर पसरायचे. लगेच जमत नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाकायचे, म्हणजे बुरशी धरत नाही. पण तिथे वीज नव्हती, प्यायच्या पाण्याचीही मारामार होती. वहिनींनी पागोळ्यांखाली पातेली लावली आणि त्या पाण्यात फोटो धुतले. सव्वाशेपैकी ऐंशीएक वाचले.

वाचलेल्यांत एक फोटो आमच्या आळीचा आहे. जांभ्या दगडाची जोती, मंगलोरी कौले, पुढे पडवी, आणि कडेला एसटीची गाडी. यातले एकही घर आज उभे नाही. काही वाटण्या होऊन पडली, काही रस्ता रुंद करताना गेली. फोटोवर तारीख नाही, पण एसटी १९४८ साली सुरू झाली, म्हणजे त्याआधीचा तो नव्हे; आणि दुकानाच्या पाटीवर भाव नव्या पैशांत आहे, म्हणजे १९५७ नंतरचा. घरे अशी थोडीफार बोलतात. माणसे मात्र कुणी ओळखल्याशिवाय बोलत नाहीत. पायरीवर सहा माणसे बसली आहेत. त्यांतली दोन कोण, हे सांगणारे आता कुणी उरले नाही.

म्हणून मला कागदापेक्षा नावांची काळजी जास्त वाटते. बुरशीला दहा वर्षे लागतील, आपल्याला तेवढी मिळतील असे कोणता डॉक्टर लिहून देईल? स्मृतिभ्रंशात आजचे जेवण आधी विसरते आणि बालपण पुष्कळ काळ टिकते. आपल्याच मंदिरातल्या एका आजींना मुलीचे नाव आठवायला वेळ लागतो. त्यांच्यापुढे हळदीकुंकवाचा जुना फोटो ठेवला, तर चौदांपैकी अकरा बायका त्यांनी नावानिशी सांगितल्या, आणि कोणाचे लुगडे उसने होते तेही! हा उपचार नव्हे, तसा दावा मी करत नाही. पण तो तासभर त्या खुशीत होत्या आणि मुलगी भराभर लिहून घेत होती.

लिहिताना बायकांची नावे पुरी लिहा. जुन्या फोटोंमागे 'सौ. देशपांडे वहिनी' एवढेच असते. अशा पाच वहिनी एका वाड्यात असत. माहेरचे नाव विचारा. आणि कडेला उभा असलेला गडी, दाई, होडीवाला यांना 'इतर' म्हणून सोडू नका. स्टुडिओत जाऊन फोटो काढून घेण्याची त्यांची ऐपत नव्हती. कदाचित तुमच्या घरच्या लग्नातला हाच त्यांचा एकमेव फोटो असेल.

मागे लिहायचे तर मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा वळ पुढे उठतो आणि शाईही उतरते. नव्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही, तेव्हा पाकिटावर लिहा. इथल्या घरांत लॉफ्ट आणि गॅरेज या फोटोंच्या दोन वैरिणी: एक उन्हाळ्यात भट्टी, दुसरी बारमाही ओल. झोपायच्या खोलीतले, बाहेरच्या भिंतीला न लागलेले कपाट उत्तम. सत्तर-ऐंशीच्या दशकातले चिकट पानांचे अल्बम बहुतेकांकडे असतील. त्यांतला फोटो ओढू नका. आधी आख्ख्या पानाचा फोटो घ्या, मग दातांत घालायचा दोरा फोटोखालून हळूहळू सरकवा. तसबिरीच्या काचेला चिकटलेला फोटो तर काढूच नका, काचेसकट स्कॅन करा.

नातवाने व्हॉट्सॲपवर पाठवला म्हणजे फोटो जपला असे होत नाही, तिथे तो बारीक होऊन जातो. ६०० डीपीआयने स्कॅन करून प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या घरी. आणि परक्या घरातल्या लेकीबाळींचे फोटो विचारल्याशिवाय फेसबुकवर टाकू नयेत.

पुढच्या महिन्यापासून दर दुसऱ्या रविवारी आरतीनंतर आपल्या सभागृहात स्कॅनर मांडून आमची चार-पाच मंडळी बसतील. तरुण स्वयंसेवक यंत्र सांभाळतील, ऐकून लिहून घेणारेही हवे आहेत. मराठी वाचता-लिहिता येणे एवढीच अट. दुसऱ्या स्कॅनरसाठी आणि आम्लविरहित पाकिटांसाठी देणगी हवी आहे. इथे कर भरणाऱ्यांनी गिफ्ट एडचा फॉर्म भरला तर प्रत्येक पौंडामागे पंचवीस पेन्स ट्रस्टला जास्तीचे मिळतात. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांनी कार्यालयात निरोप ठेवावा. आम्ही यंत्र घेऊन घरी येऊ, फोटो तुमच्यासमोरच स्कॅन होतील आणि तुमच्याच कपाटात परत जातील.